भाकरी आणि अक्षर

मत्तय 25 वाचताना मला केडगाव आठवतं. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या. भुकेल्याला घातलेला घास येशूलाच पोचतो, हे त्यांनी शब्दशः घेतलं. पण भाकरीवरच थांबल्या नाहीत. संस्कृतच्या एवढ्या पंडिता, तरी हिब्रू-ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणलं... साध्यासुध्या बायकांनाही ते कळावं म्हणून! 1922 साली त्या गेल्या. 1924 साली ते केडगावातच छापून निघालं.

आपण घरकामाच्या मावशींना उरलेली भाजी देतो आणि कर्तव्य झालं म्हणतो. त्यांच्या मुलीला शिकवायला अर्धा तास मात्र सापडत नाही. मला वाटतं, मत्तयातली भूक तीही आहे.