पालाशचा पत्ता काय? द्राक्षबागेतून समजून घ्या मूलद्रव्यांची आवर्तसारणी

फेब्रुवारी ते एप्रिल हा सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात बेदाण्याचा हंगाम. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या द्रावणातून काढलेली द्राक्षं शेडमधल्या जाळीवर वाळत पडलेली असतात. पिवळा रंग हवा असेल तर पुढे गंधकाची धुरी दिली जाते. शेडच्या कोपऱ्यात बागेसाठी आणलेली पोती आणि पुडे असतात. त्यांवर १९:१९:१९, ०:५२:३४, ०:०:५० असे आकडे. शेजारी मोरचूद, चुना, झिंक सल्फेट, बोरॉन.

हे आकडे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचं शेकडा प्रमाण सांगतात (स्फुरद आणि पालाश त्यांच्या ऑक्साइडच्या रूपात मोजतात). यालाच आपण ‘एनपीके’ म्हणतो. एन म्हणजे नायट्रोजन, पी म्हणजे फॉस्फरस. पण पालाश म्हणजे पोटॅशियम, मग त्याचं चिन्ह ‘के’ कसं? कारण त्याचं लॅटिन नाव ‘कॅलियम’. तसंच सोडियमचं ‘एनए’ हे चिन्ह ‘नॅट्रियम’वरून आलं.

शेडमध्ये दिसणाऱ्या या प्रत्येक मूलद्रव्याला आवर्तसारणीत एक ठरलेली जागा आहे. दहावीला ही सारणी बहुतेकांनी पाठ केलेली असते. पण ती पाठ करण्यासाठी बनलेलीच नाही. मूलद्रव्याचा पत्ता कळला की त्याचा स्वभाव कळावा, यासाठी ती बनली आहे.

वर्गीकरणाची गरज का पडली?

ज्या पदार्थात एकाच प्रकारचे अणू असतात ते मूलद्रव्य. आज अशी ११८ मूलद्रव्यं माहीत आहेत. सन १८०७ मध्ये इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने पोटॅशियम आणि सोडियम हे दोन धातू काही दिवसांच्या अंतराने वेगळे केले. दोन्ही चाकूने कापता येतील इतके मऊ, दोन्ही पाण्यात टाकताच पेट घेण्याच्या तयारीत. दोन वेगळी मूलद्रव्यं, पण वागणं सख्ख्या भावंडांसारखं.

अशी साम्यं वाढत गेली तसा प्रश्न उभा राहिला, की यामागे काही नियम आहे का?

जर्मनीचे योहान डोबेरायनर यांनी १८२९ मध्ये सारख्या गुणांची मूलद्रव्यं तीन-तीनच्या गटांत मांडली. लिथियम, सोडियम, पोटॅशियम हे त्यांतलं एक त्रिक. त्यांची अणुवस्तुमानं साधारण ७, २३ आणि ३९. पहिल्या आणि तिसऱ्याची सरासरी काढा, बरोबर २३ येते. पण सगळी मूलद्रव्यं अशा त्रिकांत बसेनात. पुढे १८६५ मध्ये इंग्लंडचे जॉन न्यूलँड्स यांनी ‘सा’नंतर आठवा सूर पुन्हा ‘सा’ यावा, तसे दर आठव्या मूलद्रव्याला पहिल्याचे गुण येतात, असं मांडलं. कॅल्शियमपर्यंत हे जमलं, पुढे गाडी अडली.

मेंडेलीव्ह यांनी जागा रिकाम्या का सोडल्या?

रशियाचे दिमित्री मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये आवर्तसारणी मांडली, तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती. त्यांनी ती वाढत्या अणुवस्तुमानाने लावली आणि सारख्या गुणांची मूलद्रव्यं एका गटात येतील अशी रचना केली. जिथे गुण जुळेनात, तिथे त्यांनी ओढूनताणून मूलद्रव्य बसवलं नाही. जागा रिकामी ठेवली आणि इथे बसणारं मूलद्रव्य अजून सापडायचं आहे असं सांगितलं.

त्या रिकाम्या जागांना त्यांनी नावं दिली एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. यातलं ‘एका’ म्हणजे संस्कृतमधला ‘एक’. ॲल्युमिनियमच्या पुढचं एक घर, असा त्याचा अर्थ.

पुढच्या काही वर्षांत तिन्ही सापडली:

- गॅलियम (१८७५), म्हणजे एका-ॲल्युमिनियम
- स्कँडियम (१८७९), म्हणजे एका-बोरॉन
- जर्मेनियम (१८८६), म्हणजे एका-सिलिकॉन

गॅलियमचा किस्सा विशेष आहे. ते शोधणारे फ्रेंच शास्त्रज्ञ बुआबोद्राँ यांनी त्याची घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्ह यांनी गॅलियम डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं, तरी ती ५.९ च्या आसपास असायला हवी, पुन्हा मोजा, असं कळवलं. पुन्हा मोजल्यावर ५.९ च आली. गॅलियम साधारण ३० अंश सेल्सिअसला वितळतं. जतच्या एप्रिलमधल्या दुपारी टेबलावर ठेवलं, तर त्याचं पाणी व्हायला विस्तव लागणार नाही.

वजनाने लावलं असतं तर पालाशचा पत्ता चुकला असता

मेंडेलीव्ह यांच्या रचनेत एक अडचण होती. १८९४ मध्ये अरगॉन हा वायू सापडला. तो कशाशीच सहजासहजी संयोग पावत नाही. त्याचं अणुवस्तुमान ३९.९५ आणि पोटॅशियमचं ३९.१०. म्हणजे वजनाच्या क्रमाने पोटॅशियम आधी आणि अरगॉन नंतर यायला हवं. पण तसं केलं तर पाण्यात पेटणारं पोटॅशियम शांत वायूंच्या रकान्यात जातं आणि अरगॉन सोडियमच्या खाली येतं. दोन्ही पत्ते चुकतात.

उत्तर सापडलं १९१३ मध्ये. ब्रिटनचे हेन्री मोस्ली यांनी क्ष-किरणांच्या प्रयोगांतून दाखवलं, की मूलद्रव्याची खरी ओळख वजनात नाही, अणुअंकात आहे. अणुअंक म्हणजे अणूच्या केंद्रकातल्या प्रोटॉनची संख्या. अरगॉनचा १८, पोटॅशियमचा १९. क्रम आपोआप नीट लागला. मोस्ली दोनच वर्षांनी, १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला मारले गेले. तेव्हा ते २७ वर्षांचे होते. आजची सारणी त्यांच्या अणुअंकावरच उभी आहे.

आजची सारणी कशी वाचायची?

सारणीत ७ आडव्या ओळी आणि १८ उभे रकाने आहेत. ओळीला आवर्त म्हणतात, रकान्याला गण.

- ओळ सांगते, अणूत इलेक्ट्रॉनच्या किती कक्षा आहेत. सोडियम तिसऱ्या ओळीत, म्हणजे तीन कक्षा. पोटॅशियम चौथ्या ओळीत, म्हणजे चार.
- रकाना बाहेरच्या इलेक्ट्रॉनची मांडणी सांगतो. सोडियमची मांडणी २, ८, १ आणि पोटॅशियमची २, ८, ८, १. दोघांच्या शेवटच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, म्हणून दोन्ही गण १ मध्ये.

अणू एकमेकांशी जो व्यवहार करतात तो मुख्यतः बाहेरच्या इलेक्ट्रॉनवर चालतो. म्हणून एका रकान्यातल्या मूलद्रव्यांचा स्वभाव मिळताजुळता असतो. गण १ मधले अल्क धातू आपला एकुलता इलेक्ट्रॉन देऊन टाकायला उतावीळ असतात. गण १७ मधल्या क्लोरीनसारख्या हॅलोजनना एक इलेक्ट्रॉन कमी पडतो, ते तो घ्यायला टपलेले असतात. गण १८ मधल्या अरगॉनसारख्या राजवायूंची बाहेरची कक्षा स्थिर असते, म्हणून ते सहसा देवाणघेवाणीत पडत नाहीत.

सारणीच्या डावीकडे आणि मध्ये धातू, उजवीकडे अधातू आणि दोघांच्या सीमेवर पायऱ्यांसारख्या रेषेलगत बोरॉन, सिलिकॉन यांसारखी धातुसदृश मूलद्रव्यं. खाली वेगळ्या दिसणाऱ्या दोन ओळी खरं तर सहाव्या आणि सातव्या ओळीचाच भाग आहेत. सारणी फार लांब होऊ नये म्हणून त्या खाली छापतात.

शेतकऱ्याची चौथी ओळ

वनस्पतींना वाढीसाठी १७ मूलद्रव्यं आवश्यक मानली जातात. त्यांतली सात एकट्या चौथ्या ओळीत आहेत. पोटॅशियम (१९), कॅल्शियम (२०), मँगनीज (२५), लोह (२६), निकेल (२८), तांबं (२९) आणि जस्त (३०). मेंडेलीव्ह यांनी ओळखलेली ती तिन्ही रिकामी घरंही याच ओळीतली.

या ओळीतल्या मँगनीजपासून तांब्यापर्यंतच्या मधल्या पट्ट्यातले धातू ‘संक्रामक’ म्हणून ओळखले जातात. त्यांतले अनेक धातू कमी-जास्त इलेक्ट्रॉन देऊ-घेऊ शकतात, आणि झाडाच्या पेशींमधल्या रासायनिक कामांना नेमकं हेच लागतं. फक्त ते लागतं अगदी थोडं. म्हणून या धातूंना आणि शेजारच्या जस्ताला सूक्ष्म अन्नद्रव्यं म्हणतात. बोर्डो मिश्रणात मोरचुदातून येणारं तांबं मात्र अन्न म्हणून नाही, बुरशी मारण्यासाठी वापरलं जातं. तेच मूलद्रव्य, मात्रा वेगळी, काम वेगळं.

भावंडं सारखी असतात, तिथेच घोटाळा होतो

रकान्यातल्या साम्याचा फायदा आहे तसा धोकाही आहे. कमी पावसाच्या भागात खोल बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असू शकतात. त्यात सोडियम वाढलं की ते मुळांपाशी पोटॅशियमशी स्पर्धा करतं. दोघांवर सारखाच एक धन प्रभार, त्यामुळे मुळाच्या दारात दोघांची रेटारेटी होते. पण आत गेल्यावर सोडियम पोटॅशियमची सगळी कामं करू शकत नाही. त्याच्या अणूला एक कक्षा कमी, आकार लहान. रकाना एक असला तरी ओळ वेगळी आहे, हा फरक तिथे नडतो.

हेच सोडियम मातीच्या कणांना चिकटून साचलं की जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही. तिथे जिप्सम टाकण्याची शिफारस केली जाते. जिप्सममधलं कॅल्शियम शेजारच्या गण २ मधलं. त्याच्यावर दोन धन प्रभार असल्याने माती त्याला अधिक घट्ट धरते. सोडियम सुटतं आणि निचरा असेल तर पाण्याबरोबर निघून जातं. म्हणजे माती सुधारण्याचा हा उपायही सारणीतल्या पत्त्यावरच चालतो.

याच गण २ मधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्याला जडपणा देतात. ठिबकच्या ड्रीपरमध्ये पांढरा थर साचतो तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. ॲसिड ट्रीटमेंटने तो विरघळतो.

असाच घोटाळा इतर रकान्यांतही होतो. गण १५ मध्ये नायट्रोजनच्या खाली फॉस्फरस, त्याच्याखाली आर्सेनिक. आर्सेनिकचं आर्सेनेट हे रूप वनस्पतीत स्फुरदाच्याच वाटेने शिरतं. गण १२ मध्ये जस्ताच्या खाली कॅडमियम हा विषारी धातू आहे आणि तोही झाडात जस्ताच्या वाटा वापरतो. विषाने ओळखीच्या चेहऱ्याने घरात यावं, तसा हा प्रकार.

मग पोटॅशियम खताला आग का लागत नाही?

पोटॅशियम धातू पाण्यात पेटतो, तर पोटॅशियमचं खत ठिबकमधून बिनधोक कसं जातं? कारण खतातल्या पोटॅशियमने आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन आधीच देऊन टाकलेला असतो. त्याची बाहेरची मांडणी आता अरगॉनसारखी, म्हणजे शांत झालेली असते. क्लोरीन वायू विषारी, पण मिठातला क्लोराइड रोज आपल्या ताटात असतो, त्याचं कारणही असंच. क्लोरीनला हवा असलेला इलेक्ट्रॉन मिठात मिळालेला असतो.

म्हणून पोतं वाचताना मूलद्रव्याबरोबर त्याचा जोडीदारही वाचावा लागतो. पालाश म्युरेट ऑफ पोटॅशमधूनही मिळतं आणि सल्फेट ऑफ पोटॅशमधूनही, म्हणजे ०:०:५० मधून. पहिलं स्वस्त, पण त्यात पालाशबरोबर क्लोराइड येतो. द्राक्षवेल क्लोराइडला संवेदनशील आहे. पाण्यातच क्षार असतील तर ही भर पानांच्या कडा करपण्यापर्यंत नेऊ शकते. दुसऱ्या खतात पालाशचा जोडीदार सल्फेट आहे, म्हणजे त्यातून गंधकही मिळतं. म्हणून द्राक्षाला बहुतेकदा सल्फेट ऑफ पोटॅश निवडतात.

थोडक्यात

- मूलद्रव्यं अणुअंकाच्या चढत्या क्रमाने लावली जातात, वजनाच्या नाही.
- एका रकान्यातली मूलद्रव्यं सारखी वागतात, कारण त्यांच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनची मांडणी सारखी असते.
- ओळ बदलली की कक्षा बदलतात, म्हणून सारखी मूलद्रव्यं एकमेकांची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाहीत.
- सारणी मूलद्रव्याचा स्वभाव सांगते. संयुगात गेल्यावर तो बदलतो.

हायड्रोजनचा पत्ता मात्र आजही वादाचा आहे. बाहेर एक इलेक्ट्रॉन म्हणून तो गण १ मध्ये बसवला जातो, पण तो धातू नाही आणि हॅलोजनसारखा इलेक्ट्रॉन घेऊही शकतो. पालाशबाबत मात्र आता शंका नाही. गण १, आवर्त ४, घर क्रमांक १९. वर सोडियम, शेजारी कॅल्शियम. माती आणि पाण्याच्या तपासणीचा अहवाल हातात आला, की ही तिन्ही नावं एकत्र वाचायची.