दारूबंदीचा कायदा आणि एकटा पडणारा कार्यकर्ता

१/ दारूबंदीचा इतिहास बहुधा कायद्यांच्या तारखांतून सांगितला जातो. परंतु शिरूर-दौंडमधले गाव असो वा गडचिरोलीतला टोला, दारू विकणारा शेजारीच राहतो आणि त्याला अडवणारा एकटा पडतो. त्याच्या पाठीशी कोण उभे राहिले?

२/ १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात 'मुक्तांगण' उभारले. व्यसनातून सावरलेले रुग्णच तेथे समुपदेशक झाले. कालांतराने इतर केंद्रांच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्याचे कामही केंद्र सरकारने या संस्थेकडे सोपवले.

३/ गडचिरोलीत लोकचळवळीच्या रेट्याने १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. तरीही चोरटी विक्री उरलीच. शिवाय मोहाच्या दारूला आदिवासींच्या पूजाविधीत स्थान. निव्वळ पोलिसी बळ तेथे अपुरे होते.

४/ म्हणून २०१६ मध्ये डॉ. अभय व राणी बंग यांची 'सर्च' संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागातून 'मुक्तिपथ' सुरू झाले. तालुक्यागणिक चमू आणि गावोगावी संघटना, अशी त्याची बांधणी.

५/ बंदीचा हुकूम एका दिवसात निघतो. तो टिकवणारी माणसे मात्र प्रशिक्षणाने आणि परस्परांच्या आधाराने वर्षानुवर्षे घडवावी लागतात.