क्योटोची पत्त्यांची पेढी आणि सावंतवाडीचा गंजिफा

व्हिडिओ गेमच्या व्यवसायात जगभर नावाजलेली निन्टेन्डो ही जपानी कंपनी मुळात हाताने पत्ते तयार करणारी पेढी होती. फुसाजिरो यामाउची याने २३ सप्टेंबर १८८९ रोजी क्योटो शहरात ती सुरू केली आणि त्यानंतरची ऐंशीहून अधिक वर्षे तिचा संसार प्रामुख्याने पत्ते आणि खेळणी यांवरच चालला. त्या काळात कोकणातही पत्ते हाताने रंगवणाऱ्या कारागिरांची वस्ती नांदत होती. लांज्याहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की राजापूर, कणकवली, कुडाळ मागे टाकून सावंतवाडीला पोहोचता येते, आणि तेथील चितार आळीतल्या चितारी कुटुंबांनी गंजिफा हा गोल पत्त्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. क्योटोच्या पेढीची पुढे कंपनी झाली आणि सावंतवाडीची आळी आळीच राहिली. हा फरक केवळ जपान आणि हिंदुस्थान यांच्या औद्योगिक स्थितीवर ढकलणे सोपे असले, तरी पत्ते कोण विकत घेत होते आणि ते किती दिवस टिकत होते, याकडे पाहिल्यावाचून त्याचा उलगडा पुरता होत नाही.

ज्या पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, तेच १५४३ मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागले आणि त्यांच्या जहाजांतून पत्ते त्या देशात शिरले. जुगाराच्या भीतीने तेथील सत्ताधीशांनी पत्त्यांवर वारंवार बंदी घातली, आणि प्रत्येक बंदीनंतर नवे रूप घेऊन पत्ते पुन्हा प्रकट झाले. हानाफुदा, म्हणजे फुलांचे पत्ते, हे त्यांपैकीच एक रूप होय. या संचात १२ महिन्यांची १२ झाडे-फुले असून प्रत्येकाची ४ अशी एकूण ४८ पाने असतात, आणि पानांवर आकडा मुळीच नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मेइजी राजवटीत, निर्बंध सैल झाले तेव्हा यामाउचीने कागदी तुतीच्या सालीपासून हे पत्ते बनवण्यास प्रारंभ केला. त्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे जुगाराचे अड्डे. तेथे पानांवर खुणा केल्याचा संशय नको म्हणून नव्या डावाला नवा जोड काढण्याची रीत होती. जपान सरकारने १९०२ मध्ये पत्त्यांवर कर बसवला तेव्हा अनेक लहान कारखाने बंद पडले, परंतु पाश्चात्य पद्धतीच्या पत्त्यांचे उत्पादन आणि तंबाखूच्या एका बड्या व्यापाऱ्याच्या दुकानांतून होणारी विक्री यांच्या बळावर ही पेढी तगली.

गंजिफा हिंदुस्थानात आला तो इराणी-मोगली वाटेने. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्याच आत्मवृत्तात आढळते, तर अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त १२ रंगांच्या, १४४ पानांच्या संचाचे वर्णन केले आहे, ‘रंग’ म्हणजे एकाच चिन्हाच्या पानांचा गट. दरबारी खेळाची चिन्हे ताज, शमशेर, गुलाम अशी होती. दख्खनेत आणि कोकणात मात्र विष्णूचे दहा अवतार रंग होऊन बसले आणि १२० पानांचा दशावतारी गंजिफा रूढ झाला. मत्स्याच्या रंगात मासा, कूर्माच्या रंगात कासव, परशुरामाच्या रंगात परशू अशी चिन्हे असत, आणि प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने असत. सावंतवाडीत हा खेळ तेलंगणातून आलेल्या पंडितांमुळे, विद्याप्रेमी खेम सावंतांच्या दरबारात रुजला, असे परंपरा सांगते. पान घडवण्याची कृती किचकट होती: थरावर थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वाळल्यावर गोल कापायचे, पांढरा लेप देऊन घोटायचे, त्यावर चित्र काढायचे आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा.

खेळही तितकाच डोके चालवायला लावणारा होता. तिघांत डाव पडे. दिवसा ज्याच्या हाती रामाचा राजा असेल त्याने, आणि रात्री कृष्णाचा राजा असलेल्याने पहिली उतारी करायची. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा, त्यामुळे कोणती पाने पडून गेली हे लक्षात ठेवणे हेच मुख्य कौशल्य ठरे. तरबेज खेळाडूला १२० पानांचा हिशेब तोंडपाठ ठेवावा लागे.

लाखेचा गंजिफा नीट वापरला तर दोन-तीन पिढ्या टिकतो. कारागिराच्या दृष्टीने हा गुण, धंद्याच्या दृष्टीने मात्र अडचण: ज्या घरात एक संच गेला, त्या घरातून दुसऱ्याची मागणी सहसा येत नसे, आणि नव्या मागणीसाठी चिताऱ्याला संस्थानिक व सरदार यांच्याकडेच पाहावे लागे. एकोणिसाव्या शतकात युरोपातून छापील पत्ते स्वस्तात येऊ लागले, बावन्न पानांचे सोपे खेळ घरोघर पोहोचले आणि गंजिफ्याचे खेळाडू आटले. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, तेव्हा राजाश्रयाचा उरलासुरला आधारही क्षीण झाला. राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी ही कला पुन्हा उभी करण्याचे मनावर घेतले, तेव्हा जुनी कृती जाणणारे पुंडलिक चितारी वृद्ध झाले होते. त्यांच्याकडून विद्या घेऊन राजवाड्यातच कारागीर तयार करण्यात आले, आणि आजही तेथील दालनात बसून ते पाने रंगवतात.

क्योटोमध्ये १९४९ साली हिरोशी यामाउची या विशीतल्या तरुणाकडे कारभार आला. त्याने १९५३ मध्ये प्लास्टिकचा थर दिलेले पत्ते काढले आणि १९५९ मध्ये डिस्नेच्या पात्रांचे पत्ते आणून जुगाऱ्यांचा माल मुलांच्या हाती दिला. पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करण्यासाठी १९६५ मध्ये नेमलेल्या गुनपेई योकोई याने फावल्या वेळात बनवलेला लांबणारा चिमटा दुसऱ्याच वर्षी खेळणे म्हणून बाजारात आला व प्रचंड खपला. याच योकोईने १९८० मध्ये खिशात मावणारे ‘गेम अँड वॉच’ घडवले. कंपनीतल्याच शिगेरू मियामोतोचा ‘डाँकी काँग’ हा गेम १९८१ चा, तर घरच्या टीव्हीला जोडायचे फॅमिकॉम हे यंत्र १९८३ चे. नव्वदच्या दशकात भारतीय घरांत जो ‘व्हिडिओ गेम’ आला, तो बहुतांशी या फॅमिकॉमचीच नक्कल होता, हे खेळणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते.

महाराष्ट्राच्या बाजूने या इतिहासात शिरकाव झाला तो पुण्यातून. तेथील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये सर्वांत आधी निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर प्रसिद्ध झाला. भावाला शोधत निघालेली मुलगी, तिला बळ देणारी दुर्गा आणि विष्णू, पहाडी चित्रशैलीची छाया असलेली दृश्ये असा त्याचा ऐवज आहे. परक्या कंपन्यांची कामे करून देणाऱ्या भारतीय गेम-व्यवसायात स्वतःची कथा स्वतःच्या नावाने विकण्याचे हे धाडस लक्षणीय होते; त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकनही मिळाले.

निन्टेन्डो आजही हानाफुदा विकते, आणि तो विकत घेणारा त्याने खेळतो. सावंतवाडीच्या गंजिफ्याला अलीकडे भौगोलिक मानांकन लाभले, पण मानांकनाने नाव सुरक्षित होते, खेळाडू तयार होत नाहीत. बहुतेक संच काचेच्या चौकटीत जातात. म्हणून राजवाड्यात गंजिफा घेणाऱ्या प्रत्येकाने खेळाचे नियमही विचारून घ्यावेत आणि निदान एकदा तरी तिघे मिळून डाव मांडावा.