टाटाला नेलंय

दिवा-रोहा गाडीने ज्यांनी चार-सहा वेळा प्रवास केलाय त्यांना हे दृश्य ओळखीचं असेल. पेणला किंवा नागोठण्याला एक कुटुंब चढतं. हातात जेवणाचा डबा, एक्स-रेचं मोठं पाकीट आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल. शेजारचा माणूस सवयीने विचारतो, "कुठे निघालात?" उत्तर येतं, "टाटाला." मग तो गप्प बसतो आणि जरा सरकून जागा करून देतो.

आमच्याकडे कॅन्सर हा शब्द उच्चारावाच लागत नाही. "तिला टाटाला नेलंय" म्हटलं की काय ते कळतं.

माझ्या मावशीला २०१९ मध्ये टाटाला नेलं. ती रोह्याजवळच्या खेड्यात राहायची. पाळी जाऊन चार वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावर जायला लागलं. आधी तिने कुणाला सांगितलंच नाही. मग "उष्णता असेल" म्हणून सब्जा-बिब्जा झाला. मग एका डॉक्टरांनी न तपासताच गोळ्या दिल्या. यात आठ महिने गेले. परळला निदान झालं ते गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं, स्टेज थ्री-बी. २०२१ मध्ये मावशी गेली.

त्यानंतर मावसबहिणीने मला एक प्रश्न विचारला. "तू कॉम्प्युटरवाला ना, शोधून सांग. हे आधी कळलं असतं का?" म्हटलं गूगलबाबाला विचारू, पाच मिनिटांचं काम आहे. पाच मिनिटांचे कित्येक वीकेंड झाले. जे सापडलं ते इथे लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. आकडे वाचता येतात, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

सुरुवात टाटापासूनच करू. मेहरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने वारल्या, वेल्समधल्या एका नर्सिंग होममध्ये. त्यांचे पती सर दोराबजी पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्या ट्रस्टने परळला बांधलेलं हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. म्हणजे पेण-रोह्याला दिव्याहून रेल्वे यायच्या कितीतरी आधी. (रोह्यापर्यंत रूळ १९८६ मध्ये पोचले.) घरातल्या बाईच्या उपचारासाठी युरोप गाठू शकणाऱ्या माणसाच्या पैशातून हे हॉस्पिटल उभं राहिलं आणि ते सगळ्यांना खुलं झालं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पण सगळ्यांना खुलं असणं आणि सगळ्यांना वेळेत पोचता येणं यात फरक आहे. पुढचा सगळा इतिहास या फरकाचाच आहे.

कॅन्सर नक्की कुणाला होतो हे मोजायला आपल्या देशात १९६३ साली सुरुवात झाली. इंडियन कॅन्सर सोसायटीने, डॉ. जस्सावालांच्या पुढाकाराने, मुंबई शहराची कॅन्सर नोंदणी सुरू केली. पण ती मुंबईची. खाडीपलीकडचा आमचा जिल्हा (तेव्हा कुलाबा, १९८१ पासून रायगड) त्या वहीत नव्हता. इथली बाई त्या वहीत यायची नाही, कारण वही शहरात राहणाऱ्यांची होती.

खेड्यातली मोजणी सुरू व्हायला १९८७ उजाडलं, आणि ती झाली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला. तिथे डॉ. बी. एम. नेने यांनी कॅन्सरचं हॉस्पिटल उभं केलं होतं, नर्गिस दत्त यांच्या नावाचं. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी तिथे जी नोंदणी सुरू झाली ती भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. टाटाच्या डॉ. कस्तुरी जयंत या तिच्यामागे होत्या.

शहरात नोंदणी म्हणजे हॉस्पिटलांच्या फायली उतरवून घ्यायच्या. खेड्यात तसं करून भागणार नव्हतं, कारण पेशंट हॉस्पिटलात पोचतच नव्हता. मग बार्शीच्या कार्यकर्त्यांनी उलटं केलं. गावोगाव फिरायचं, सरपंच, शिक्षक, बायकांना भेटायचं, कुणाला गाठ आहे का, कुणाला पांढरं किंवा लाल जातंय का, विचारायचं, आणि संशय आला तर त्या माणसाला समजावून हॉस्पिटलात आणायचं.

आणि एक गंमत झाली. (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही.) काही वर्षांनी डॉ. जयंत आणि सहकाऱ्यांनी आकडे तपासले तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या स्टेजला येऊ लागल्या होत्या. कुठलीही नवी मशीन नाही, तपासणी मोहीम नाही. माणसं मोजायला गेली, मोजताना बोलली, आणि बोलण्याने बायका लवकर यायला लागल्या. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो की सिस्टीमला हात न लावता नुसतं मॉनिटरिंग करायचं. इथे मॉनिटरिंगनेच सिस्टीम सुधारली.

१९९९ मध्ये याच बार्शीच्या जोरावर शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात (२०२३ पासून धाराशिव) एक मोठा प्रयोग सुरू झाला. फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था, टाटा मेमोरियल आणि बार्शीचं हॉस्पिटल असे तिघे मिळून. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्ही या विषाणूची चाचणी. दुसऱ्यात पॅप स्मिअर. तिसऱ्यात व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड (आपल्या व्हिनेगरचा भाऊ) लावून मिनिटभराने पांढरे डाग दिसतात का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं. चौथ्या भागात काहीच नाही. त्या बायकांना माहिती दिली, पण तपासणी नाही.

हे आमच्या धंद्यात रोज चालतं. त्याला ए/बी टेस्ट म्हणतात. अर्ध्या लोकांना निळं बटण दाखवायचं, अर्ध्यांना हिरवं. मीही केलंय. ज्यांना चुकीचं बटण मिळालं त्यांचं काय झालं हा प्रश्न मला आजवर पडला नव्हता.

निकाल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एचपीव्ही चाचणीच्या गटात, ३४,१२६ बायकांत, या कॅन्सरने ३४ मृत्यू. काहीच न केलेल्या गटात, ३१,४८८ बायकांत, ६४. साधा भागाकार केला तर एकीकडे हजारात एक, दुसरीकडे हजारात दोन. आणि हे आयुष्यात फक्त एकदा चाचणी करून! पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यूंमध्ये म्हणावी तशी घट दिसली नाही. आणखी एक आकडा मला महत्त्वाचा वाटतो. चाचणी निगेटिव्ह आलेल्या बायकांना पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण एचपीव्ही गटात लाखामागे ३.७, तर पॅप आणि व्हीआयए गटांत १५.५ आणि १६. म्हणजे एचपीव्हीने "तुला काही नाही" म्हटलं तर त्यावर विश्वास ठेवून बाई घरी जाऊ शकते. वर्षातून चार खेपा घालणं जिला परवडत नाही तिच्यासाठी हे केवढं मोठं आहे!

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी १९९८ पासून असाच प्रयोग चालवला. तिथे दीड लाख बायका आणि फक्त व्हीआयए. पण ती डॉक्टरांनी नाही, त्यासाठी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी, दर दोन वर्षांनी एकदा, चार फेऱ्या. बारा वर्षांनी मृत्यूंमध्ये ३१ टक्के घट. तमिळनाडूत दिंडिगुलला तर व्हीआयएच्या एकाच फेरीत ३५ टक्के. उस्मानाबादला जमलं नाही ते इतर दोन ठिकाणी का जमलं? माझ्या मते व्हीआयए ही बघणाऱ्याच्या डोळ्यांवर आणि शिस्तीवर चालणारी टेस्ट आहे. जिथे माणसं नीट तयार केली तिथे चालते, नाहीतर नाही.

इथपर्यंत वाचून मी खूश होतो. जगातले डॉक्टर ज्या आकड्यांवरून धोरण ठरवतात ते आकडे आपल्या मराठवाड्यातल्या आणि परळ-शिवडीकडच्या बायकांनी दिलेत! मग २०१४ मधला एक लेख हाती लागला, इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समधला. लेखक डॉ. एरिक सुबा, अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट, ज्यांनी व्हिएतनाममध्ये पॅप तपासणी उभी करायचं काम केलं होतं. त्यांनी मुंबई, उस्मानाबाद आणि दिंडिगुल या तिन्ही प्रयोगांतल्या "काहीच नाही" गटांची बेरीज केली. १,३८,६२४ बायका. त्यातल्या २५४ गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेल्या. त्यांचं म्हणणं असं की तपासणीने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांना कित्येक दशकं माहीत होतं, तर मग तपासणी न करता बायकांचे मृत्यू मोजायची गरजच काय होती?

संशोधकांची बाजूही आहे, आणि ती पोकळ नाही. तेव्हा भारतात सरकारी तपासणी कार्यक्रम कुठेच नव्हता. म्हणजे चौथ्या गटाला तेच मिळालं जे देशातल्या बाकी सगळ्या बायकांना मिळत होतं. श्रीमंत देशात चालणारी पॅप टेस्ट इथे चालते का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि उस्मानाबादने दाखवून दिलं की तिथे ती चालली नाही. तुलनेला गट नसता तर हे कळलंच नसतं.

मी या दोन बाजूंमध्ये बराच हिंदकळलो. शेवटी मला असं वाटतं की सुबांचा प्रश्न प्रयोगाच्या पहिल्या दिवसापेक्षा शेवटच्या दिवसाला जास्त लागू पडतो. उस्मानाबादच्या त्या ६४ जणींपैकी साधारण निम्म्या, चिठ्ठी दुसरी निघाली असती तर वाचल्या असत्या. त्यांच्या मरणातून जे कळलं ते वापरलं गेलं असतं तर निदान हिशोब तरी लागला असता. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिशीपुढच्या सगळ्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि गर्भाशयमुखासाठी निवडली व्हीआयए. कारण उघड आहे, एचपीव्हीला मशीन आणि लॅब लागते, व्हीआयएला टॉर्च आणि कापूस. बरं, तेही ठीक. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी किती जणींची ही तपासणी आयुष्यात कधीतरी झाली होती? संपूर्ण देशात १.९ टक्के. म्हणजे चौथा गट संपलाच नाही. १९९९ मध्ये त्यात एकतीस हजार बायका होत्या, वीस वर्षांनी जवळजवळ सगळा देश होता. माझी मावशीही त्यातच.

उपचारांची बाजू त्यामानाने बरीच पुढे गेली, हे मान्य करायला हवं. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात रायगड होता. (तीच आताची महात्मा फुले योजना.) मावशीच्या वेळी जमीन विकावी लागली नाही ती त्यामुळे. टाटानेच थ्री-बी स्टेजच्या ८५० बायकांवर केलेल्या अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, नुसत्या रेडिएशनने पाच वर्षांनी ४६ टक्के जिवंत होत्या, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन दिलं तर ५४ टक्के. हे आठ टक्के मिळवायला पंधरा वर्षं लागली. त्याचं मोल कमी नाही. पण ही ५४ टक्क्यांची औषधयोजना म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे रेडिएशन. रोह्याहून परळ सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. रोज जाऊन-येऊन होत नाही. मावशी आणि काका दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले. काकांची भातकापणी त्या वर्षी शेजाऱ्यांनी केली. हाच आजार पूर्वावस्थेत सापडला असता तर डागाला गोठवून टाकायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. भूलही द्यावी लागत नाही.

टाटाचंच संशोधन केंद्र आणि हॉस्पिटल खारघरला आहे. खारघर पनवेल तालुक्यात येतं, म्हणजे रायगड जिल्ह्यातच. हे कळल्यावर मी नकाशा उघडून खात्री केली. आपल्या जिल्ह्यात आहे, आणि तरी रोह्याच्या खेड्यातल्या बाईपर्यंत कापसाचा बोळा पोचला नाही.

तर मावसबहिणीच्या प्रश्नाचं उत्तर: हो, कळलं असतं. कॅन्सर व्हायच्याही आधी, बहुतेक काही वर्षं आधी.

मी हे तिला फोनवर सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मीपण करून घ्यायला हवी ना?" ती चौतीस वर्षांची आहे. आईची एचपीव्ही चाचणी आम्ही मागच्या महिन्यात पनवेलला करून घेतली, निगेटिव्ह आली. मावसबहीण अजून गेलेली नाही. ती जिथे पॅकिंगला जाते तिथे सुट्टी घेतली की दिवसाचा पगार कापतात, आणि गणपतीच्या आधी तिला खाडे करायचे नाहीत.