राष्ट्रीय ब्रॉडबँड जाळे, ऑस्ट्रेलिया : ग्राहकांचा असंतोष आणि राजकारण

राष्ट्रीय ब्रॉडबँड जाळे, ऑस्ट्रेलिया : देशातील सर्व घरांना व व्यवसायांना वेगवान इंटरनेट मिळावे म्हणून ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने उभारलेली, सरकारी मालकीच्या कंपनीमार्फत चालणारी घाऊक दूरसंचार यंत्रणा. ‘एनबीएन’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. केव्हिन रड यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने ७ एप्रिल २००९ रोजी तिची घोषणा केली आणि डिसेंबर २०२० मध्ये, प्रतिस्पर्धी लिबरल-नॅशनल आघाडीच्या कारकिर्दीत, उभारणी पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. मधल्या काळात ही योजना ग्राहकांच्या संतापाचा आणि निवडणूक-प्रचाराचा कायमचा विषय राहिली. हा संताप संथ इंटरनेटबद्दल होता, असे सर्रास मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. संथपणा सोसवला असता. पण त्याचा जाब कोणाला विचारायचा हे ग्राहकाला कळू नये, अशीच या योजनेची घडण होत गेली. संतापाचे मूळ तिथे आहे.

योजनेमागची गरज खरी होती. टेलस्ट्रा या सरकारी दूरध्वनी कंपनीचे १९९७ ते २००६ या काळात टप्प्याटप्प्याने खासगीकरण झाले, तेव्हा तारांचे जाळे आणि ग्राहकांना सेवा विकण्याचा धंदा हे दोन्ही तिच्याच हाती ठेवले गेले. इतर कंपन्यांना आपल्या प्रतिस्पर्ध्याच्याच तारा भाड्याने घ्याव्या लागत. यावर रड सरकारने मुळावरचा उपाय शोधला : ४३ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर अंदाजित खर्चाचे नवे जाळे, ९३ टक्के घरांपर्यंत थेट फायबर आणि उरलेल्यांना बिनतारी वा उपग्रह सेवा. जाळे सरकारी कंपनीचे राहील आणि किरकोळ विक्री खासगी कंपन्या करतील, अशी विभागणी ठरली. २०१० च्या निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नाही, तेव्हा टोनी विंडसर आणि रॉब ओकशॉट या ग्रामीण मतदारसंघांतल्या अपक्षांनी मजूर पक्षाला पाठिंबा देताना या योजनेचा आवर्जून उल्लेख केला. त्या दिवसापासून जाळ्याचे तंत्र हा पक्षनिष्ठेचा प्रश्न बनला.

सप्टेंबर २०१३ मध्ये सत्तांतर झाले आणि दळणवळणमंत्री माल्कम टर्नबुल यांनी योजनेची दिशा बदलली. फायबर रस्त्यावरच्या पेटीपर्यंत न्यायचे आणि तिथून घरापर्यंत जुनी तांब्याची तार वापरायची, हा नव्या धोरणाचा गाभा होता. केबल टीव्हीच्या जुन्या तारांनाही त्यात स्थान मिळाले. २९.५ अब्ज डॉलरांत, २०१६ पर्यंत, प्रत्येकाला किमान २५ मेगाबिट वेग, असे आश्वासन होते. सत्तेवर आल्यावर काही महिन्यांतच हा आकडा ४१ अब्जांवर गेला आणि मुदतही पुढे ढकलली गेली. २०१८ पर्यंत खर्चाचा अंदाज ५१ अब्जांवर पोहोचला. ऑप्टस कंपनीचे केबल जाळे वापरायचे ठरले होते. पण ते सुधारण्याच्या लायकीचे नसल्याने बहुतांश सोडून द्यावे लागले. टेलस्ट्राकडून मिळालेल्या केबल जाळ्यात इतके दोष निघाले की नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यावरील नव्या जोडण्या थांबवाव्या लागल्या. कोणत्या घराला कोणते तंत्र मिळणार हे पत्त्यावरून ठरे. रस्त्याच्या एका बाजूला फायबर आणि दुसऱ्या बाजूला तांबे, असेही घडे. तांब्यावरचा वेग पेटीपासूनच्या अंतराबरोबर घटत जातो. म्हणजे जादा पैसे मोजूनही काहींना तो मिळणे शक्यच नव्हते.

ग्राहकाची कोंडी इथे सुरू होते. परिसरात नवे जाळे सुरू झाले की साधारण १८ महिन्यांत जुनी तारसेवा बंद होई. त्यामुळे स्थलांतर ऐच्छिक नव्हते. बिघाड झाला की किरकोळ कंपनी घाऊक कंपनीकडे बोट दाखवी आणि घाऊक कंपनी ग्राहकाला परत विक्रेत्याकडे धाडी, कारण तिचा करार ग्राहकाशी नव्हताच. संध्याकाळच्या मंदगतीमागेही हेच दुहेरीपण होते. किरकोळ कंपन्यांना सामायिक क्षमता दर मेगाबिटमागे वेगळे शुल्क भरून विकत घ्यावी लागे. सरकारी गुंतवणूक वसूल व्हावी म्हणून हे शुल्क चढे होते, म्हणून कंपन्या क्षमता हात आखडून घेत. २०१६-१७ च्या सुमारास एका ग्राहकामागे सरासरी साधारण १ मेगाबिट. डिसेंबर २०१७ मध्ये दररचना बदलल्यावर कंपन्यांनी भराभर क्षमता वाढवली आणि गर्दीच्या वेळची कोंडी कमी झाली. तारा बदलल्या नव्हत्या, हिशेब बदलला होता.

दूरसंचार लोकपालाकडे २०१६-१७ मध्ये या जाळ्यासंबंधी २७ हजारांवर तक्रारी आल्या. आदल्या वर्षाच्या अडीचपटीहून अधिक. जोडण्या वाढल्या म्हणून तक्रारी वाढल्या, हा कंपनीचा बचाव बऱ्याच अंशी ग्राह्य आहे. मात्र त्या वर्षी चालू जोडण्या साधारण ११ लाखांवरून २४ लाखांवर गेल्या, म्हणजे तक्रारींची वाढ त्याहून वेगाने झाली. शिवाय त्यांत केवळ वेगाची कुरकुर नव्हती. लांबलेली जोडणी, न आलेला तंत्रज्ञ आणि परत परत उद्भवणारा बिघाड यांचा वाटा मोठा होता. २०१७ च्या अखेरीस स्पर्धा व ग्राहक आयोगाने हस्तक्षेप केल्यावर टेलस्ट्राने सुमारे ४२ हजार ग्राहकांना भरपाई देण्याचे मान्य केले, कारण विकलेला वेग त्यांच्या तारेवर मिळूच शकत नव्हता. ग्राहकांच्या म्हणण्याला यापेक्षा स्पष्ट पुष्टी शोधण्याची गरज नाही.

धोरणबदलाचे समर्थक दोन मुद्दे मांडतात. पहिला, मूळ योजनाही रखडलीच होती. हे खरे आहे : जून २०१३ पर्यंत १२ लाखांहून अधिक घरांपाशी फायबर नेण्याचे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात सुमारे २ लाखच झाली. परंतु रखडलेले काम सुधारणे वेगळे आणि मध्येच तंत्र बदलणे वेगळे; तंत्र बदलताना नवे करार, नवे आराखडे आणि दोषांची नवी यादी पदरी पडते. दुसरा मुद्दा, लोकांना इतका वेग लागतच नाही. २०१४ च्या सरकारी खर्च-लाभ अभ्यासाने २०२३ मध्ये मध्यम कुटुंबाला १५ मेगाबिट पुरतील असा अंदाज बांधला होता. दशकानुदशके चालणाऱ्या तारांचा निर्णय अशा अंदाजावर घेणे किती धोक्याचे, ते २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी कार्यालये आणि शाळा भरल्या तेव्हा दिसले. फायबर हा डाव्या विचारांचा हट्ट होता, हा आरोपही टिकत नाही. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये उजव्या नॅशनल पक्षाच्या सरकारने फायबरच निवडले, जुन्या दूरध्वनी कंपनीतून जाळ्याचा धंदा २०११ मध्ये वेगळा काढला आणि सरकार बदलले तरी काम त्याच दिशेने चालू राहिले; २०२२ च्या अखेरीस ८७ टक्के लोकसंख्येच्या दाराशी फायबर पोहोचले.

सप्टेंबर २०२० मध्ये आघाडी सरकारच्याच काळात, तांब्यावरच्या सुमारे २० लाख घरांना मागणीनुसार फायबर देण्यासाठी ३.५ अब्ज डॉलरांची घोषणा झाली. मजूर पक्षाने २०२२ नंतर तो कार्यक्रम वाढवला आणि जानेवारी २०२५ मध्ये उरलेल्या सहा लाखांवर घरांसाठी आणखी ३ अब्ज जाहीर केले. ज्या फायबरला महाग म्हणून नाकारले, त्याच्याकडेच दोन्ही पक्ष परतले. बदलाचा खर्च मात्र ग्राहकाने कर, मासिक बिल आणि मनस्ताप अशा तिन्ही रूपांत भरला. तीन वर्षांच्या निवडणूक-चक्राने पन्नास वर्षांच्या जाळ्याचे तंत्र ठरवू नये आणि ज्याला बिल जाते त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारी एकच जबाबदार संस्था पहिल्या दिवसापासून असावी, हे दोन निष्कर्ष या अनुभवातून निघतात. यांतला दुसरा अधिक महत्त्वाचा आहे, कारण तंत्र चुकले तरी ते पैसे ओतून बदलता येते. उत्तरदायित्व कागदावरच विभागले गेले, तर उत्तम तंत्रही ग्राहकाला न्याय देऊ शकत नाही.