भाड्याने फिरणाऱ्या प्रती आणि यिडिश सिनेमाचा बचाव

१/ १९३६ साली पोलंडमधील काझीमेश दोल्नी या छोट्या गावात 'यिडल मिट्न फिडल' या बोलपटाचे बाह्यचित्रण झाले. गर्दीच्या प्रसंगांत गावातलेच ज्यू रहिवासी उभे राहिले. पुढे सहाच वर्षांत, १९४२ मध्ये, नाझींनी ती वस्ती नामशेष केली. पडद्यावरचे ते चेहरे मात्र आजही पाहता येतात. ते कसे टिकले, याचा हा इतिहास.

२/ प्रथम भाषेविषयी. यिडिश ही पूर्व युरोपातील ज्यूंची बोली. तिचा पाया जर्मन कुळातला, शब्दसंपत्तीत हिब्रू आणि स्लाव्ह भाषांची भर आणि लिपी हिब्रू. सर्वच ज्यूंची ती भाषा नव्हे. कोकणातील बेने इस्रायलांची मातृभाषा जशी मराठी, तशी वॉर्सा आणि विल्ना येथील ज्यूंची यिडिश. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ती बोलणारे सुमारे १ कोटी १० लाख लोक होते.

३/ एवढा मोठा भाषकवर्ग असल्याने या भाषेत चित्रपट निघणे स्वाभाविक होते. १९३० ते १९४० हा यिडिश बोलपटाचा बहराचा काळ. पोलंडमध्ये जोसेफ ग्रीन यांचा 'यिडल' आणि मिखाऊ वाशिन्स्की यांचा 'डेर डिबुक' (१९३७), तर अमेरिकेत एडगर उल्मर यांचा 'ग्रीने फेल्डर' (१९३७) आणि मॉरिस श्वार्ट्झ यांचा 'तेव्ये' (१९३९) हे त्यांतले ठळक.

४/ याच काळात एक निराळा चित्रपटही तयार झाला : अलेक्झांडर फोर्ड यांचा 'मिर कुमेन ऑन' (१९३६). वॉर्साजवळील मेडेम आरोग्यधामात क्षयाचा धोका असलेली गरीब ज्यू मुले राहत. त्यांचे शिक्षण, खेळ आणि स्वयंशासन यांचे चित्रण करून संस्थेसाठी निधी उभारावा, हा त्यामागचा हेतू.

५/ पोलिश सेन्सॉरने त्याच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी घातली, परंतु देशाबाहेर तो दाखवला गेला. ऑगस्ट १९४२ मध्ये आरोग्यधामातील मुलांना शिक्षकांसह ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेण्यात आले. देणग्या मिळाव्यात म्हणून केलेला माहितीपट आता त्या शाळेच्या दैनंदिन जीवनाचा दुर्मीळ पुरावा ठरला आहे.

६/ नाझींनी मारलेल्या सुमारे ६० लाख ज्यूंमध्ये बहुसंख्य यिडिशभाषक होते. म्हणजे या चित्रपटांचा युरोपातील प्रेक्षकच उरला नाही. अमेरिकेत स्थलांतरितांची पुढची पिढी इंग्रजीकडे वळली. चित्रपटगृहांना यिडिश खेळ परवडेनासे झाले.

७/ त्यातच फिल्मचा प्रश्न होता. त्या काळातील ३५ मिलिमीटर फिल्म नायट्रेटची असे. ती सहज पेट घेते, पेटल्यावर विझवणे जवळजवळ अशक्य आणि न पेटली तरी कालांतराने चिकट होऊन शेवटी तिची भुकटी होते. गोदामात नुसते पडून राहणे हाही तिचा एक प्रकारचा मृत्यूच.

८/ न्यूयॉर्कचे निर्माते जोसेफ सायडन अल्प खर्चात आणि घाईने चित्रपट काढण्याबद्दल ओळखले जात. समीक्षकांनी त्यांची फारशी कदर केली नाही. परंतु ते वितरकही होते. धंदा मंदावल्यावरही त्यांच्याजवळ यिडिश चित्रपटांचा संग्रह राहिला. १९७४ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या डब्यांचे भवितव्य अधांतरी होते.

९/ तो संग्रह वाचवण्याच्या निकडीतून १९७६ साली शॅरन पकर रिव्हो आणि मिरियम क्रँट यांनी 'नॅशनल सेंटर फॉर ज्युइश फिल्म' ही संस्था स्थापन केली. मॅसॅच्युसेट्समधील ब्रँडाइस विद्यापीठाच्या परिसरात तिने आपले काम उभे केले. नायट्रेटवरील चित्रपट सुरक्षित फिल्मवर उतरवणे, तुटलेले भाग सांधणे आणि नवी इंग्रजी उपशीर्षके देणे, हे ते काम.

१०/ संस्थेने आणखी एक निर्णय घेतला, तो म्हणजे जतन केलेल्या प्रती बाहेर पाठवण्याचा. विद्यापीठे, सिनेगॉग, ग्रंथालये, संग्रहालये आणि चित्रपट महोत्सव यांना त्या भाड्याने मिळू लागल्या. १६ मिलिमीटरची प्रत सुरक्षित फिल्मवर असे आणि प्रक्षेपक उचलून नेण्याजोगा, त्यामुळे साध्या सभागृहातही खेळ लावता येई.

११/ अशा व्यवहाराला ठरलेले नियम असतात. भाडे हे केवळ डब्याचे नसून सार्वजनिक प्रदर्शनाच्या हक्काचे असते. म्हणूनच घरी पाहण्यासाठी विकत घेतलेली डीव्हीडी सभागृहात दाखवण्याची मुभा आपोआप मिळत नाही. प्रत परत आली की तिची तपासणी होते : कडेची छिद्रे फाटली का, जोड सुटले का, ओरखडे किती पडले.

१२/ येथेच खरा पेच आहे. प्रत्येक खेळाबरोबर प्रत थोडी झिजते. संग्रहपालाची पहिली प्रवृत्ती डबा कुलपात ठेवण्याची असते आणि ती चुकीची नव्हे. त्यावरचा तोडगा असा : मूळ प्रत आणि तिच्यापासून केलेली निगेटिव्ह हात न लावता जपायची आणि झिजण्यासाठी वेगळी प्रत काढायची. अर्थात, ती काढायला पैसा लागतो. भाड्यामुळे त्या खर्चाला थोडा हातभार लागतो आणि देणगीदारांनाही दिसते की या चित्रपटांना प्रेक्षक आहे.

१३/ उपशीर्षकांचे महत्त्वही यातूनच समजते. 'डेर डिबुक' पाहायला आलेल्या तरुणाला आजीची भाषा येत नसे. भाषांतर नसते, तर वाचलेला चित्रपटही त्याच्यासाठी मुकाच राहिला असता. १९९१ साली 'तेव्ये'ची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत निवड झाली. स्थलांतरितांच्या भाषेतील चित्रपट आता त्या देशाचा वारसा मानला गेला.

१४/ चित्रपटाचा इतिहास लिहिताना दिग्दर्शक आणि नट यांची नावे येतात. डबा भरून पाठवणारा, सभागृह मिळवणारा, खेळ संपल्यावर फिल्म पुन्हा गुंडाळून वेळेवर परत करणारा सहसा येत नाही. यिडिश सिनेमाच्या बाबतीत मात्र ही माणसे त्याच्या इतिहासाचाच भाग आहेत. ज्या चित्रपटांचा प्रेक्षक मारला गेला, त्यांना दुसरा प्रेक्षक त्यांनी मिळवून दिला.

(समाप्त)