आरोपी बाहुला

इ. स. १९८८ मध्ये टॉम हॉलंड यांनी दिग्दर्शित केलेला ‘चाइल्ड्स प्ले’ हा बोलपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. पोलिसांच्या गोळीने मरणोन्मुख झालेला खुनी मंत्रबळाने आपला आत्मा बाहुल्यात घालतो. पुराणकथांतून वाचकांस परिचित असलेला परकायाप्रवेशच हा. पुढे बाहुला खून करतो, पण संशय येतो तो सहा वर्षांच्या मुलावर. त्याची साक्ष कोणी मानीत नाही.

प्रत्यक्षात मात्र उलटे घडले. १९९३ साली लिव्हरपूलमध्ये दहा वर्षांच्या दोन मुलांनी दोन वर्षांच्या बालकाचा खून केला. निकालानंतर न्यायाधीशांनी हिंसक चित्रफितींचा मोघम उल्लेख केला, आणि वृत्तपत्रांनी याच मालिकेतील तिसऱ्या बोलपटास पिंजऱ्यात उभे केले. मुलांनी तो पाहिल्याचा पुरावा नाही, असे पोलिसांनी सांगितले. तरीही १९९४ मध्ये पार्लमेंटने चित्रफितींचा कायदा कडक केला.

कायदा कडक असावा की नाही, हा प्रश्न निराळा. आमचे म्हणणे इतकेच, की बाहुल्याच्या माथी दोष मारला म्हणजे मुलांच्या घरादाराकडे पाहण्याचे वडीलधाऱ्यांस कारणच उरत नाही. पुराव्यावाचून कोणासही दोषी ठरवू नये, मग तो बालक असो वा बोलपट.